लांजेवारजींचा बंदोबस्त

आमच्या शेजारचे लांजेवारजी रोज सकाळी बदकांची हजेरी घेतात.

हजेरी म्हणजे खरीखुरी हजेरी. उजाडलं की ते खाकी शर्ट, खाकी टोपी आणि गळ्यात शिटी अशा थाटात घरामागच्या अंगणात येतात, खुराड्यासमोर ताठ उभे राहतात आणि दार उघडण्याआधी एकेकाचं नाव पुकारतात. आतून आवाज आल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत.

“जीएमसाहेब!”

आतून एक बसका, घोगरा आवाज येतो.

“युनियन!”

“क्वॅक क्वॅक क्वॅक क्वॅक!”

“बस, बस. भाषण गेट मीटिंगले. कँटीन! कँटीन, तोंडातलं गीळ आधी, मग बोल. मेडिकल! मेडिकल, पाय कसा आहे आज?”

सगळ्यांची उत्तरं मिळाली की ते शिटी वाजवतात, “एरिया क्लिअर!” अशी आरोळी ठोकतात आणि कडी काढतात. बदकं डुलत डुलत बाहेर पडतात. आमच्या गल्लीत कोणाला गजर लावावा लागत नाही.

लांजेवारजींनी सगळी नोकरी सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीवर, सुरक्षा विभागात काढली. बदकांची नावं तिथलीच. सगळ्यांच्या पुढे छाती काढून चालणारा एकुलता एक नर म्हणजे जनरल मॅनेजर. नर बदकाला म्हणे मोठा आवाजच नसतो. “मोठ्या साहेबाले ओरडायची गरज नसते,” लांजेवारजी सांगतात, “ते काम युनियनचं.” युनियन नावाप्रमाणेच दिवसभर ओरडते. कँटीन सतत खाते. आणखी एक होती, टायपिस्ट; तिची चोच जमिनीवर टकटक टकटक चालू असायची. आणि मेडिकल एका पायानं लंगडते, म्हणून बऱ्याचदा रजेवर.

आम्ही नागपुरातल्याच जरीपटक्याच्या भाड्याच्या खोल्या सोडून मनीषनगरात स्वतःच्या घरात राहायला आलो, त्या पहिल्याच दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोरी बांधत होते. कानाशी शिटी वाजली. मी दचकून दोरी सोडली. कंपाउंडच्या भिंतीवर एक खाकी टोपी उगवली होती आणि टोपीखाली पांढऱ्याशुभ्र मिशा.

“नाव?”

“सुनीता.”

“पूर्ण.”

“सुनीता प्रकाश बोरकर.”

“मांजर आहे?”

“नाही.”

“कुत्रा?”

“नाही.”

“नवरा?”

“आहे.”

टोपीनं जरा विचार केला. “चालते,” ती म्हणाली, आणि भिंतीमागे मावळली.

संध्याकाळी मी प्रकाशला हे सांगितलं, तर तो हसत सुटला. दुसऱ्या दिवशी तो गाडी धूत असताना त्याचीही चौकशी झाली. लांजेवारजींनी त्याला विचारलं, मागच्या गेटला कडी आहे का? प्रकाशनं प्रामाणिकपणे सांगितलं की त्यानं पाहिलंच नाही.

“तू गाफील माणूस आहे गा,” लांजेवारजी म्हणाले.

तेव्हापासून आजवर प्रकाशची ही पदवी कायम आहे. गाफील ही त्यांच्या लेखी सर्वांत मोठी शिवी. माणसाबद्दल याहून वाईट काही बोलता येतं, असं त्यांना वाटत नाही.

बदकं आली त्याची गोष्ट मजेशीर आहे. आम्ही यायच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या ले-आऊटमध्ये नळाच्या तोट्या चोरीला जाऊ लागल्या होत्या. खाणीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या नाकासमोरून तोट्या जाव्यात हे लांजेवारजींना फार लागलं. कोणीतरी त्यांना सांगितलं की राखणीला कुत्र्यापेक्षा बदक बरं. परका माणूस दिसला की गल्ली डोक्यावर घेतं. लांजेवारजी स्कूटर काढून थेट सावनेरच्या बाजारात. येताना मागच्या सीटवर बांबूची मोठी टोपली, टोपलीवर ओलं पोतं आणि पोत्यातून बाहेर आलेल्या पाच माना.

पहिला आठवडा बदकांनी चोख काम केलं. ती दूधवाल्यावर ओरडली, पेपरवाल्यावर ओरडली, वाऱ्यावर ओरडली, खुद्द लांजेवारजींवर ओरडली. दुसऱ्या आठवड्यात एक घार येऊन अंगणावर गोल गोल फिरू लागली. लांजेवारजींनी तिच्याकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, घरात जाऊन कपाटातली टोपी काढली आणि शिटीचा धागा बदलला. घर राखायला बदकं आणली होती. त्या दिवसापासून लांजेवारजी बदकं राखू लागले. तोट्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

“कोळसा बरा होता वं सुनीता,” ते मला एकदा म्हणाले. “कोळसा जाग्यावर राहते. कोळशावर कोणी झाडावरून झडप घालत नाही. हे त फिरतात ना! अन् वरून प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.”

त्यांनी धोक्याचे तीन प्रकार पाडले होते. वरून येणारा, जमिनीवरून येणारा आणि जमिनीखालून येणारा.

वरच्या धोक्यासाठी त्यांनी अख्ख्या अंगणावर नायलॉनची जाळी ताणली. जाळीला चमकणाऱ्या सीड्या लटकवायच्या होत्या, म्हणजे उन्हात लकाकतील आणि घार बिचकेल. त्यांनी गल्लीभर फिरून जुन्या सीड्या मागितल्या. प्रकाशनं ड्रॉवरमध्ये हात घालून हाताला लागतील तेवढ्या काढून दिल्या. चार दिवसांनी मी भिंतीवरून पाहते तर जीएमसाहेबांच्या डोक्यावर आमच्या लग्नाची सीडी गरगर फिरत होती. वर माझं आणि प्रकाशचं नाव, मध्ये गुलाबाचं फूल.

“काका, ती आमच्या लग्नाची सीडी आहे!”

“तीच सगळ्यात चांगली आहे,” ते म्हणाले. “त्या कोपऱ्यात घार फिरकत नाही.”

जमिनीवरचा धोका म्हणजे समोरच्या कोलतेबाईंचा बोका. त्याचं नाव मन्या. लांजेवारजी त्याला हिस्ट्रीशीटर म्हणत. मन्या भिंतीवर येऊन बसायचा आणि डोळे अर्धवट मिटून बदकांकडे पाहायचा, एवढाच त्याचा गुन्हा. लांजेवारजी कोलतेबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

“बाई, तुमच्या बोक्याच्या गळ्यात घुंगरू बांधा.”

“काहून जी?” कोलतेबाई उखडल्या. “माहा मन्या दूध-पोळीवर वाढलेला आहे. त्यानं आजवर झुरळ नाही मारलं.”

“दूध-पोळीवालेच सगळ्यात डेंजर. कोणाले शक येत नाही त्याहिचा.”

दोन दिवस वाद चालला. शेवटी मन्याच्या गळ्यात घुंगरू आलं. त्यानंतर मन्या चालला की कोणीतरी पूजेला बसल्यासारखं वाटायचं. तो स्वतःच इतका ओशाळला की त्यानं आमच्या बाजूला येणंच सोडलं.

राहिला तिसरा धोका, जमिनीखालचा. याबद्दल बोलताना लांजेवारजींचा आवाज उतरत असे. “खाणीवाल्याले विचार. वरचं दिसते, जमिनीवरचं दिसते. खालचं कळते तेव्हा टाइम गेलेला असते.” आमच्या दोन्ही घरांच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. मालक कुठे दूर असतो. प्लॉटवर कमरेएवढं गवत आणि कोण्या काळी आणून टाकलेला विटांचा ढीग. त्या ढिगात मुंगूस होतं. लांजेवारजींनी ते एकदाच पाहिलं होतं, गवतातून सरळ रेषेत जाताना. “पळत नव्हतं,” ते म्हणाले, “आरामात चालून राहिलं होतं. राउंडवर असल्यावाणी.” त्या बोलण्यात राग होता, पण थोडं कौतुकही होतं.

मुंगसासाठी त्यांनी कुंपणाच्या कडेनं चर खणला आणि त्यात लोखंडी जाळी पुरली. नुसती उभी नाही. खाली गेल्यावर ती बाहेरच्या बाजूला आडवी वळवली, म्हणजे मुंगूस भिंतीलगत उकरायला लागलं की जाळीच लागावी. एक अख्खा रविवार प्रकाश त्यांच्या हाताखाली होता. संध्याकाळी तो मातीनं माखून घरी आला आणि म्हणाला, “मी गाफील आहे हे मला आज सतरांदा कळलं.”

मग नागपूरचा उन्हाळा आला.

बदकांना पोहायला त्यांनी जुन्या कूलरची टाकी जमिनीत बसवून दिली होती. पण नवतपा, मेअखेरचे ते नऊ आगीचे दिवस, लागला तसं टाकीतलं पाणी दुपारपर्यंत चहाएवढं गरम होऊ लागलं. बदकं चोची उघड्या टाकून सावलीत पडून राहू लागली. त्यात मेडिकलनं याच मुहूर्तावर खुराड्याच्या कोपऱ्यात गवत गोळा करून अंड्यांवर बसायचं ठरवलं. लंगडी, रजेवरची मेडिकल हलेना, की उठेना. टायपिस्ट तिच्या शेजारी बसून राहायची. एरवीची टकटक बंद.

एके दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर बैठकीत गरम हवा भरलेली आणि लांजेवारजींचा पत्ता नाही. मागे जाऊन पाहते तर त्यांनी खिडकीतला कूलर काढून उलटा बसवला होता. कूलरचं तोंड खुराड्याकडे. बदकं रांगेनं वारा खात होती आणि त्यांच्या शेवटी, त्याच रांगेत, खुर्ची टाकून लांजेवारजी बसले होते.

“काका, घरात भट्टी झाली ना!”

“घरात आहे कोण?” ते म्हणाले.

त्यांना मूलबाळ नाही. सगळा संसार खाणीच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये झाला. निवृत्त होताना त्यांनी हे घर बांधलं आणि वास्तू झाल्यावर वर्षाच्या आत त्यांच्या पत्नी, सिंधूकाकू, गेल्या. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही. लांजेवारजी त्यांच्याविषयी कधी बोलत नसत, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

घात झाला तो त्या उलट्या कूलरमुळेच. टाकीतलं गरम पाणी काढून ताजं भरायला त्यांनी मोरीची, म्हणजे प्लॉटच्या बाजूच्या भिंतीतल्या पाणी जायच्या भोकाची, जाळी सरकवली होती. पाणी वाहून जाईपर्यंत ते खुर्चीत टेकले. वर कूलरचा गार वारा. डोळा लागला.

युनियनचा आवाज आम्हाला रोजचा होता. पण त्या दुपारी ती जे ओरडली ते वेगळंच होतं. मी चपला न घालता धावले. पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मोरीपाशी ओल्या मातीत ओढत नेल्याच्या खुणा होत्या. मुंगसाला टायपिस्ट मोरीतून बाहेर नेता आली नाही म्हणून ती तिथेच पडली होती. निम्मी अंडी फुटलेली. मेडिकल उरलेल्या अंड्यांवर पंख पसरून बसली होती आणि तिच्या मानेवरची पांढरी पिसं लाल झाली होती. लांजेवारजी चिखलात गुडघ्यांवर बसले होते. टोपी पडलेली. त्यांचे केस एवढे विरळ झाले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

आम्ही मेडिकलच्या मानेला हळद लावली. जखम खोल नव्हती. टायपिस्टला त्यांनी स्वतः पेरूच्या झाडाखाली पुरलं. मला मदत करू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, आणि शिटी वाजली नाही.

मी भिंतीपाशी गेले. भिंतीवर टोपी ठेवलेली, टोपीत शिटी. लांजेवारजी पायजमा आणि बनियनवर, पाठ फिरवून पायरीवर बसलेले.

“काका, हजेरी?”

“मी सस्पेंड आहे वं.”

“कोणी केलं?”

“मीच. ड्युटीवर झोपलेल्या माणसाले मी कधी सोडलं नाही. आता माह्यासाठी वेगळा कायदा कुठून आणू?”

“मग चार्ज कोणाकडे?”

“तुह्याकडे,” ते म्हणाले.

आता खुराडं तर उघडायला हवं. मी आमच्या बाजूनं फिरून गेले, शिटी गळ्यात अडकवली आणि खुराड्यासमोर उभी राहिले. चाळिशीच्या बाईनं बदकाच्या खुराड्यासमोर उभं राहून “जीएमसाहेब” म्हणणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. मी म्हटलं. आतून काही उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. शांतता.

“जोरात म्हण,” पायरीवरून पुटपुटल्यासारखा आवाज आला. “साहेब आहेत ते. भाजीवाले नाहीत.”

मी जोरात म्हटलं. घोगरा आवाज आला. मग युनियन, मग कँटीन. कँटीननंतर माझ्या तोंडून रोज ऐकायच्या सवयीनं निघालं, “टायपिस्ट!” मी लगेच जीभ चावली. खुराडं गप्प होतं. पाठीमागे लांजेवारजी उठून घरात निघून गेले.

हे निलंबन तीन-चार दिवस चाललं. त्यांच्या दाढीचे खुंट वाढले. डबा पाठवला तर अर्धा परत यायचा. मग एका सकाळी मी शिटी घ्यायला भिंतीपाशी गेले तर टोपी जाग्यावर नव्हती, डोक्यावर होती.

“चौकशी पूर्ण झाली,” ते म्हणाले. “ताकीद देऊन ड्युटीवर घेतलं मले.” मग आवाज खाली आणून, “आता आरोपीले पकडायचं आहे.”

त्यांनी कुठूनतरी घुशी धरायचा मोठा पिंजरा आणला, त्यात अंडं ठेवलं आणि मोरीबाहेर लावला. पहिले काही दिवस पिंजऱ्यात काहीच आलं नाही. एकदा घुंगरू वाजलं आणि अंड्याच्या मोहानं आलेला मन्या सापडला. कोलतेबाईंनी पूर्ण गल्लीला ऐकवलं. मग एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात लांजेवारजी, इस्त्रीचा खाकी शर्ट, मिशा विंचरलेल्या.

“सापडला.”

पिंजऱ्यात मुंगूस होतं. करड्या रंगाचं, लांबट, लाल डोळ्यांचं. ते जाळीवर नाक आपटत इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत होतं.

“काका,” प्रकाश म्हणाला, “मुंगूस पकडणं कायद्यानं गुन्हा आहे. वनखात्याचा प्राणी आहे तो.”

“मी पकडलं कुठं? चौकशीसाठी ताब्यात घेतलं.”

“मग आता?”

“तडीपार,” लांजेवारजी म्हणाले. “सावनेरच्या पुढं, खाणीमागच्या रानात सोडून देऊ. जागा माहीत आहे मले. तिथून हे काही परत येत नाही. काढ गाडी.”

प्रकाशनं गाडी काढली. पुढे तो आणि लांजेवारजी, मागच्या सीटवर मी आणि माझ्या शेजारी चादर झाकलेला पिंजरा. मी आयुष्यात बऱ्याच लोकांशेजारी बसून प्रवास केला आहे, पण इतकी अस्वस्थ सोबत मला कधी लाभली नव्हती. चादरीखालून सतत खसखस, मध्येच एक बारीक, चिरका आवाज. लांजेवारजी मात्र रंगात होते. शहर मागे पडलं तसे ते खाणीवरच्या चोऱ्या, ट्रकवाले, कोणाला कुठे धरलं ते सांगू लागले. कित्येक दिवसांनी ते असे बोलत होते.

सावनेर जवळ आलं तेव्हा त्यांनी रस्त्याकडेच्या एका कडुनिंबाखाली गाडी थांबवायला लावली.

“आरोपीले पाणी पाजलं पाहिजे. ताब्यातला माणूस आपली जबाबदारी असते.”

त्यांनी पिंजरा खाली सावलीत ठेवला, चादर सारली आणि बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन जाळीतून आत धरलं. मुंगसानं पाण्याकडे पाहिलंही नाही. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, पुढचे पंजे जाळीत रुतवले आणि ज्या दिशेनं आम्ही आलो होतो त्या दिशेला तोंड करून ओरडलं. त्याचं पोट लांजेवारजींच्या डोळ्यांसमोर आलं.

लांजेवारजींनी झटकन हात मागे घेतला. झाकणातलं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं.

“परत फिरव गाडी,” ते म्हणाले.

“काहून? आलोच ना आपण,” प्रकाश म्हणाला.

“हे नाही, ही आहे. पाजती आहे. पाह्य ना, दूध आहे तिले. लेकरं तिकडं विटांत राहिली.”

“पण काका, तिनं टायपिस्टले—”

“माहीत आहे मले तिनं काय केलं!” ते ओरडले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, “लेकराइचा काय गुन्हा आहे त्याच्यात? सकाळपासून उपाशी असतीन. चाल गा, प्रकाश. जरा जोरात चालव.”

परत येताना ते मागे बसले आणि मी पुढे. पिंजरा त्यांनी मांडीवर घेतला होता. चोऱ्यांच्या गोष्टी बंद. प्रत्येक सिग्नलला ते पुढे वाकून पाहत आणि लाल दिव्याला काहीतरी पुटपुटत. चादरीत हात घालून ते मुंगसाशी बोलत होते. “आलं, आलं. आता वर्धा रोड. मग आपला पूल. थोडंसं राहिलं.”

प्लॉटवर पोचल्यावर त्यांनी विटांच्या ढिगापाशी पिंजरा टेकवला आणि दार उचललं. करडी रेघ विटांमध्ये गेली आणि नाहीशी झाली. आम्ही तिघं कमरेएवढ्या गवतात, भर दुपारच्या उन्हात, श्वास धरून उभे होतो. मग ढिगातून अगदी बारीक, एकात एक मिसळलेले आवाज आले. चिक चिक चिक.

लांजेवारजींनी टोपी काढून कपाळ पुसलं. “चाला,” म्हणाले, “मोरी पक्की करायची आहे.”

त्यांनी मोरीला लोखंडी जाळी वेल्ड करून घेतली. सिमेंट लावलं. हलवून, ओढून, लाथ मारून पाहिली. बदकांच्या बाजूनं आता मुंगीला वाट नव्हती. मग त्यांनी दुसरं काम सुरू केलं. रोज एक अंडं भिंतीपलीकडे, विटांच्या ढिगापासून जरा अंतरावर ठेवू लागले.

“काका, चोराले अंडी देऊन राहिले तुम्ही?” मी विचारलं.

“रेशन आहे ते. पोट भरलं त कशाले येईन ती इकडं? हा बंदोबस्ताचाच भाग आहे.”

पण गल्लीतली कुत्री प्लॉटवर शिरली की शिटी आता दुप्पट जोरात वाजू लागली, आणि खाकी टोपी गवतातून धावत जाताना दिसू लागली. तो बंदोबस्ताचा कोणता भाग होता, हे मी विचारलं नाही.

मेडिकल तिच्या उरलेल्या अंड्यांवरून हलली नाही. नवतपा संपला, हवेत ढग आले, आणि एका सकाळी हजेरीच्या वेळी खुराड्यातून अनोळखी, चिमुकले आवाज आले. लांजेवारजींनी आम्हाला, कोलतेबाईंना, सगळ्यांना बोलावून पिल्लं दाखवली. त्यांची वेगळी नावं ठेवली नाहीत. सगळ्यांचं मिळून एकच नाव, अप्रेंटिस.

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. मी पाटोडीचा रस्सा केला होता. त्यांना तो आवडतो, म्हणून ताट वाढून, वर झाकण घालून घेऊन गेले. लांजेवारजी मागच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले होते. खुराड्याला कडी होती. प्लॉटच्या बाजूला भिंतीतली एक वीट काढून तिथे त्यांनी जाळी बसवली होती आणि त्या फटीतून ते पलीकडे पाहत होते.

“बदकं आत गेली, काका?”

“हाव. सगळे हजर.”

“मग जेवून घ्या. गरम आहे.”

“ठेव तिथं. ती आली नाही अजून.”

मी फटीतून पाहिलं. विटांच्या ढिगात दोन बारकी तोंडं दिसत होती. बाहेर डोकावत, मागे सरत, पुन्हा डोकावत.

“येईन ना ती. रस्ता का माहीत नाही तिले?”

“येईन. येतेच रोज. पण दिवस बुडाला का तिकडच्या रोडवर कुत्रे राहतात.”

“रस्सा थंड होऊन राहिला, काका.”

“होऊ दे.”

मी पायरीवर बसले. जांभळट उजेड होता. खुराड्यात अप्रेंटिस लोकांची कुजबुज चालू होती.

“सिंधू अशीच बसून राहे,” लांजेवारजी म्हणाले. फटीवरची नजर त्यांनी हलवली नाही. “क्वार्टरच्या पायरीवर. मले डबल ड्युटी लागो, खाणीत पाणी भरो, काहीही होवो. जेवत नव्हती. मी आलो का तिच्यावरच ओरडत होतो. काहून उपाशी राहते वं? मी का लहान पोट्टा आहे हरवायले? सिक्युरिटीचा माणूस आहे मी!”

“मग त्या काय म्हणत?”

“काहीच नाही म्हणे. ताट वाढे अन् समोर बसे. मले वाटे, मी ड्युटी करून राहिलो. खरी ड्युटी त तिची होती. माणसाले कोणाची तरी वाट पाहता आली पाहिजे वं सुनीता. घरी कोणी येणारच नसलं त संध्याकाळ संपता संपत नाही.”

पलीकडे रस्त्यावर कुत्रं भुंकलं. लांजेवारजींचा हात शिटीकडे गेला आणि तिथेच थांबला. गवताचे शेंडे एका बाजूनं हलत येत होते, सरळ रेषेत, घाईनं. ती विटांपाशी पोचली, क्षणभर थबकली, मान वळवून भिंतीतल्या फटीकडे पाहिलं आणि आत शिरली. आतून चिक चिक सुरू झालं.

“आली,” लांजेवारजी म्हणाले.

मग त्यांनी टोपी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली, ताट मांडीवर घेतलं आणि वरचं झाकण बाजूला केलं.